आकाशकंदिलाच्या हुकावर गांधीलमाश्यांचं पोळं. काय करू?

जाईजुई · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं छोटं रो हाउस आहे. वरच्या गॅलरीत स्लॅबला एक लोखंडी हुक आहे आणि घर बांधलं तेव्हापासून, म्हणजे १७ वर्षं, आकाशकंदील त्याच हुकाला लागतो. काल दिवाळीच्या साफसफाईला म्हणून गॅलरीतली खोकी हलवली, सहज वर बघितलं, तर हुकाला गांधीलमाश्यांचं पोळं! पावसाळाभर गॅलरीचं दार बंदच होतं, कपडे आतच वाळत होते, त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आकार आमटीच्या वाटीएवढा, राखाडी-मातकट रंग, बारीक देठावर उलटं लटकलंय. खालून षटकोनी घरं उघडी दिसतात, काहींना पांढरी झाकणं आहेत. माश्या पंचवीस-तीस असतील. मोजायला फार वेळ उभी राहिले नाही. रंग तांबूस तपकिरी, कंबर अगदी दोऱ्यासारखी.

अजून कुणाला चावलेल्या नाहीत. पण सासरे ८१ वर्षांचे आहेत, पाऊस संपला की सकाळी त्याच गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचतात. भाऊबीजेला नणंदेची दोन मुलं येणार, वयं ४ आणि ७. आमचे हे म्हणतात, "झाडूचा एक टोला, विषय संपला." मी झाडू लपवून ठेवलाय. दिवाळीला बारा दिवस आहेत. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

खडूस_काका · सोमवार, रात्री ९:३१

एवढा धागा काढण्यासारखं काय आहे त्यात? लांब काठीला चिंध्या गुंडाळा, रॉकेलमध्ये बुचकळा, पेटवा, पोळ्याखाली धरा. दोन मिनिटांत खाली. आमच्या वाड्यात दर वर्षी हेच व्हायचं, कुणी धागे काढत नव्हतं.

सुतारपक्षी · सोमवार, रात्री ९:४४

काका, रॉकेल आता मिळतं कुठे ते आधी सांगा. आणि तुमच्या वाड्याच्या भिंती दगडाच्या होत्या. यांच्या गॅलरीत वायरी असणार, प्लास्टिकचे पाइप असणार, दोरीवर कपडे असणार. माझ्या आतेभावाने असाच टेंभा धरला होता. माश्या गेल्या, सोबत गॅलरीची ताडपत्रीही गेली. पंख जळलेल्या माश्या टपटप खांद्यावर पडल्या आणि मरता मरता चावल्या, ते वेगळंच.

पायवाट · सोमवार, रात्री १०:२०

झाडू लपवलात हे फार बरं केलंत.

वर्णनावरून हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं उघडं पोळं दिसतंय. हे मेणाचं नसतं, कागदाचं असतं. या माश्या जुन्या चौकटी, कुंपणाच्या काठ्या, वाळक्या काटक्या यांचे तंतू खरवडतात, लाळेत चघळून लगदा करतात आणि त्याची घरं बांधतात. तो राखाडी रंग त्याचाच. पांढरी झाकणं आहेत त्या घरांत कोष आहेत, म्हणजे पोळं ऐन भरात आहे. तांबूस अंग, सांध्यांवर पिवळे ठिपके आणि पोटावर एक पिवळी रेघ असेल तर बहुधा रोपालिडिया मार्जिनाटा. जरा मोठी, पिवळसर आणि उडताना मागचे पाय खाली लोंबत असतील तर पॉलिस्टिस. दोघींचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच.

याऐवजी फुटबॉलएवढा गोळा, बाहेरून कागदाचे पापुद्रे गुंडाळलेले आणि आत जायला एकच भोक असं असतं तर ती मोठी गांधील. तिच्या वाटेला आपण जायचं नाही, माणूस बोलवायचा. आणि मेणाचं एकच मोठं पोळं, त्यावर माश्यांचा जिवंत थर, कुणी जवळ गेलं की त्या थरावरून लाट फिरते, ते आग्या मोहोळ. ती मधमाशी, तिचा मामलाच वेगळा. लोक तिन्हींना "माश्यांचं पोळं" म्हणतात आणि एकीचा उपाय दुसरीवर करतात. निम्मे अपघात तिथे होतात असं माझं मत.

तुमच्या हुकावरच्या माश्या भक्ष्य शोधत कानाजवळून गेल्या तरी काही करत नाहीत. पोळ्याला धक्का लागला, फार जवळून श्वास गेला, हात हलले, तरच येतात. त्याआधी तंबी देतात. पोळ्यावरच पंख उभारून सगळ्या तुमच्याकडे तोंड करतात. ते दिसलं की सावकाश मागे फिरायचं. पळायचं नाही, रुमाल झटकायचा नाही. मधमाशीची नांगी काटेरी असते, कातडीत अडकते आणि ती मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, तीच माशी पुन्हा पुन्हा मारू शकते. त्यात पोळ्याजवळ एखादी चिरडलीत तर तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या उठतात. म्हणून झाडूचा एक टोला हा एकच टोला राहत नाही.

आरतीचं_ताट · सोमवार, रात्री १०:३८

माझे दीर म्हणतात की राणीमाशी तेवढी मारली की बाकीच्या आपोआप निघून जातात. खरं का?

पायवाट · सोमवार, रात्री ११:०५

या जातीत तर अजिबात नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी याच रोपालिडियावर कित्येक दशकं काम केलंय. एकेका माशीला रंगाचे ठिपके लावायचे आणि कोण काय करतं ते लिहीत बसायचं. त्यांना दिसलं ते मजेदार आहे. राणी अगदी गरीब गाय असते, कुणाशी भांडत नाही, बघून ओळखूही येत नाही. तिला उचलून बाजूला केलं की काही मिनिटांत कामकरी माश्यांपैकी एक कमालीची भांडकुदळ होते, सगळ्यांना दमात घेते, आठवड्याभरात अंडी घालायला लागते आणि मग तीही गरीब गाय होते. म्हणजे राणी मारून तुम्ही फक्त सत्तांतर घडवणार.

शब्दवेल्हाळ · सोमवार, रात्री ११:२२

अवांतर करतोय, हलके घ्या. अंगावर गांधी उठते ती "गांधी" आणि गांधीलमाशी यांचं नातं असावं असं मला कायम वाटत आलंय. गांधी उठवते ती गांधील. कोशकारांनी मारलं तर मार खाईन.

दुसरं अवांतर. संतवाङ्मयात कीटक-भृंगी न्याय येतो. भृंगी अळीला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचंच चिंतन करत राहते आणि शेवटी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. चिंतन करणारा चिंतनाच्या विषयासारखा होतो, असा त्याचा अर्थ. ती भृंगी म्हणजे आपली कुंभारीण माशीच ना?

पायवाट · मंगळवार, सकाळी ७:१५

तीच असावी. आणि निरीक्षण शंभर टक्के खरं आहे, फक्त मधला भाग दिसत नव्हता. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळं करते, मारत नाही. मातीच्या घरात आधी अंडं घालते, मग तिथे अळी ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी अळी खाऊन वाढतं. मग घर फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. आत गेली अळी, बाहेर आली माशी, हे बघणाऱ्याने बरोबर बघितलं होतं. अळीच्या चिंतनाबद्दल मात्र मला शंका आहे.

माहेरवाशीण · मंगळवार, सकाळी ८:०२

कुंभारणीने घरात घर केलं की पाळणा हलणार, असं आमची आजी म्हणायची. आमच्याकडे दर वर्षी प्लगच्या भोकात घर करते. दोनच मुलं आहेत.

तिने काही त्रास दिला नाही कधी. एकटीच असते, चावतही नाही. फक्त मिक्सर लावायला गेलं की पिन आत जात नाही आणि माती सांडते.

गोळ्याऔषधं · मंगळवार, सकाळी ९:४०

दवाखान्यात बसून लिहितोय, त्यामुळे थोडं कोरडं वाटेल. सासऱ्यांचं वय वाचलं म्हणून लिहितोय.

एक-दोन डंख झाले तर पोळ्यापासून आधी लांब व्हा, साबणाने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा. हाताला चावली असेल तर बांगड्या आणि अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर अंगठी कापायची वेळ येते. सूज दुसऱ्या दिवशी वाढते, लाल होते, गरम लागते. लोकांना वाटतं पू होणार. बहुतेक वेळा तसं नसतं, दोन-तीन दिवसांत उतरते. खाजेला ॲलर्जीची साधी गोळी चालते. चुना लावू नका, कातडी भाजते. "मधमाशीचं विष आम्ल, गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून एकीला सोडा आणि दुसरीला लिंबू" हे ज्ञान फिरत असतं. विष कातडीखाली गेलेलं असतं, वरून काहीही चोळलं तरी तिथे पोचत नाही. लोखंड घासल्याने बरं वाटतं ते लोखंड गार असतं म्हणून.

आता धोक्याचं. चावल्यानंतर काही मिनिटांत ते तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या झाल्या किंवा गरगरून पडायला झालं, तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही. सरळ मोठा दवाखाना. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, जीव वाचतो तो त्याने. ॲलर्जीचं इंजेक्शन त्याची जागा घेत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ही प्रतिक्रिया आटोक्यात आणणं अवघड जातं. म्हणून सासऱ्यांची औषधं कोणती ते एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि एकदम पुष्कळ माश्या चावल्या, तर त्या वेळी माणूस बरा दिसला तरी तपासणी हवीच. विषाने स्नायू तुटतात, त्यातून सुटलेलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो घरी बसायचा प्रकार नाही.

जाईजुई · मंगळवार, सकाळी १०:११

डॉक्टर, मनापासून आभार. बाबांची गोळी बघितली, नेमकी त्याच गटातली निघाली. आज संध्याकाळी विचारते.

बागायतदार_दिंडोरी · मंगळवार, दुपारी १:३०

आमची सध्या द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू आहे. मांडवावर गांधीलमाशीची पोळी निघतातच. छाटणीवाली टोळी आत शिरली की पहिली ओरड "गांधील हाये रं!" अशी येते, मग तेवढी एक वेल सोडून पुढे जातात. संध्याकाळी आम्ही बघून घेतो.

खरं सांगायचं तर माझं त्यांच्याशी भांडण फेब्रुवारी-मार्चमधलं. मण्यात साखर भरली की या मणी फोडून आतला गर खातात, फुटलेल्या मण्यावर मग चिलटं आणि बुरशी. एका मण्यापायी घड जातो. पण तेच आजोबांनी वांगी-टोमॅटो लावले होते तेव्हा ते पोळ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पानावरून अळी उचलतात, तिथंच चावून तिची गोळी करतात आणि पिल्लांना नेऊन भरवतात. मोठ्या माश्या स्वतः गोडच खातात, अळ्या पिल्लांसाठी. आता सांगा, तिला मित्रकीड म्हणू का शत्रूकीड? महिन्यावर आहे.

स्पष्टवक्ता · मंगळवार, दुपारी २:१०

वाचून करमणूक झाली. म्हातारा माणूस आणि चार वर्षांचं पोर घरात, आणि इथे राणीचं सत्तांतर, भृंगी आणि मित्रकीड. ताई, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावा आणि मोकळ्या व्हा.

पायवाट · मंगळवार, दुपारी २:३५

पोळं ठेवाच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माणसांच्या वावरात, हात पोचेल अशा जागी असेल, घरात लहान मूल किंवा ॲलर्जीचा माणूस असेल तर काढावंच लागतं. माझ्या आंब्याच्या शेंड्यावर असेल तर मी का काढू? यांचं पोळं मधल्या जागी आहे, म्हणून एवढी चर्चा.

श्टुटगार्टची_सून · मंगळवार, सायंकाळी ५:४८

आमच्याकडे जर्मनीत मोठी गांधील विशेष संरक्षित आहे, उगाच मारली किंवा पोळं पाडलं तर दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. शेजाऱ्यांच्या शटरच्या पेटीत पोळं झालं तर त्यांनी उन्हाळाभर ती खिडकी उघडलीच नाही. अर्थात इथे एक सोय आहे. थंडी पडली की सगळ्या मरतात, फक्त नव्या राण्या कुठेतरी दडून राहतात, आणि जुनं पोळं पुन्हा कुणी वापरत नाही. त्यामुळे "ऑक्टोबरपर्यंत कळ काढा" हा सल्ला चालतो. नाशिकला तो चालेल का?

पायवाट · मंगळवार, सायंकाळी ६:२०

नाही ना. आपल्याकडे रोपालिडियाला हिवाळ्याची सुट्टी नाही, पोळं बारा महिने चालू राहू शकतं. वाट बघून ते आपोआप संपेल या भरवशावर राहता येत नाही.

मधलं_आळी · मंगळवार, रात्री ९:००

आमच्या सोसायटीत सहाव्या मजल्याच्या कोपऱ्याला आग्या मोहोळ आहे. सभेत तीन तास चर्चा. एका गटाला धूर करून पाडायचंय, दुसरा गट म्हणतो मध आपण वाटून घेऊ. कुणाला विचारावं?

पायवाट · मंगळवार, रात्री ९:२५

धूर करून पाडू नका, खालून जाणारा माणूस हकनाक सापडतो. आग्या माश्या कुणाचाही पाठलाग लांबवर करतात, किल्ल्यांवर आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी दर काही वर्षांनी पर्यटक सापडतात ते त्यांनाच. पुण्यात गणेशखिंडीच्या बाजूला केंद्रीय मधुमक्षिका संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथून शिकलेले, माश्या न मारता काम करणारे लोक असतात, तिथे चौकशी करा. यांच्या धाग्यावर मधाचं वाटप नको. गांधीलमाशी मध साठवत नाही.

जाईजुई · बुधवार, दुपारी ४:१५

अपडेट. पेस्ट कंट्रोलचा मुलगा येऊन गेला. वर एक नजर टाकली आणि म्हणाला, पूर्ण घराची फवारणी आणि वर्षाचा करार करावा लागेल, तरच पोळं काढणार. वाटीएवढ्या पोळ्यासाठी झुरळं, वाळवी, उंदीर सगळ्यांचं पॅकेज. नुसतं पोळं काढायचे किती, हे चार वेळा विचारलं, चार वेळा तो पॅकेजवर आला. चहा पाजून परत पाठवला.

बाबांच्या डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवायला सांगितली आणि "पोळ्यापासून लांब ठेवा" म्हणाले. म्हणून त्यांची खुर्ची आत, काचेच्या दाराच्या अलीकडे हलवली. आम्हाला वाटलं चिडतील. आता पेपर मांडीवर तसाच आणि ते काचेतून वर बघत बसलेले. काल मला बोलावून दाखवलं, "ती बघ, हिरवं काहीतरी घेऊन आली. आता त्या दुसरीने त्यातलं अर्धं घेतलं." कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो त्याच्या शेजारी आता त्यांनी माश्यांचा हिशोब सुरू केलाय. आज सकाळचा आकडा ३१.

आमचे हे मात्र कंदिलावर अडून बसलेत. दुसरीकडे लावू म्हटलं तर म्हणतात, "सतरा वर्षांची जागा आहे."

सुतारपक्षी · बुधवार, रात्री ८:३०

काढायचंच ठरलं तर सांगतो. तीनदा काढलंय, त्यातलं एकदा चुकलंय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

दिवसा करायचं नाही. निम्म्या माश्या बाहेर असतात, त्या परत येऊन घर सापडत नाही म्हणून घिरट्या घालतात आणि खालच्या माणसाला पकडतात. पूर्ण अंधार पडल्यावर किंवा उजाडायच्या आधी, गारठ्यात, सगळ्या पोळ्यावर असतात आणि सुस्त असतात. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा, लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. माझी चूक तीच झाली, पांढरा मोबाइल टॉर्च डोक्याला बांधून गेलो. त्या उजेडाच्या रोखाने आल्या, म्हणजे माझ्या कपाळावर.

जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, डोक्यावर टोपी आणि वरून जुनी नेटची ओढणी, रबरी हातमोजे. घरच्या सगळ्या खिडक्या-दारं बंद, तुमचं आत यायचं एक दार मात्र कुणीतरी धरून उभं हवं. स्टुलावर चढायचं नाही. हे दहादा सांगतो. माश्यांनी माणसं जखमी होतात त्यापेक्षा माश्या आल्या म्हणून स्टुलावरून पडून जास्त होतात, निदान आमच्या घरी तरी.

झाडांवर फवारायचा लांब नळीचा पंप घ्या, पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चांगलं फेस येईपर्यंत घाला. लांबून, खालून, पोळं चिंब होईल असं मारा. साबणाचं पाणी त्यांच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि पंख चिकटतात, काही क्षणांत पडतात. झुरळाच्या फवाऱ्यापेक्षा बरं, घरभर वास नाही, आणि गॅलरीत दिवा किंवा ठिणगी असली तरी पेटायची भीती नाही. पडलेल्यांना हात लावू नका, मेलेली वाटणारीही नांगी मारते. दुसऱ्या दिवशी सकाळी काठीने पोळं देठापासून तोडा, आणि हुक घासून पुसून त्याला व्हॅसलिन चोपडा, म्हणजे नवा देठ धरत नाही.

खडूस_काका · बुधवार, रात्री ८:४४

व्हॅसलिन! आमच्या वेळी एवढं अंगाला लावायलाही नव्हतं.

जाईजुई · शनिवार, दुपारी १२:५०

मंडळी, जे झालं ते सांगते. विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

पंप आणला होता, लाल जिलेटीन आणलं होतं, आज रात्रीचा मुहूर्त ठरला होता. सकाळी साडेनऊला बाबांची हाक आली. एरवी हळू बोलतात, आज अशी हाक मारली की मला वाटलं पडले. धावत गेले तर ते काचेला नाक लावून उभे.

पोळ्यावर एक मोठी काळी माशी बसली होती. आमच्या माश्यांच्या दुप्पट. पूर्ण काळपट, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा, जणू सोनेरी कंबरपट्टा. ती एकेका घरात तोंड घालून आतली पांढरी पिल्लं ओढून काढत होती, चावून गोळी करत होती. घेऊन उडून गेली आणि वीस मिनिटांत परत आली. झाकणं फाडून कोष काढले. असं चार-पाच वेळा. आणि आमच्या तीस माश्या? ज्यांच्या भीतीने आम्ही पाच दिवस गॅलरीत पाऊल टाकलं नाही, त्या सगळ्या स्लॅबच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसून नुसत्या बघत होत्या. एकीनेही तिला नांगी मारली नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंप आत ठेव."

पायवाट · शनिवार, दुपारी १:२०

काय नशीबवान आहात! ती व्हेस्पा ट्रॉपिका. तुमच्या माश्यांची ही पक्की वैरीण, दुसऱ्या गांधीलमाश्यांची पोळी लुटणं हाच तिचा धंदा. तिच्यापुढे या लढत नाहीत, जीव वाचवून बाजूला बसतात. पिल्लं गेली की त्या पोळ्यात त्यांना राम वाटत नाही, बहुतेक वेळा ते सोडून देतात. दोन दिवस हात लावू नका, काय होतं बघा.

फक्त तिचं पोळं कुठे आहे त्याचा अंदाज घ्या. ती जमिनीतल्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत करते. रो हाउसच्या मागे मोकळा प्लॉट असेल तर मुलांना तिथल्या बिळात काठी घालू देऊ नका. हिचा डंख तुमच्या माश्यांसारखा नाही.

स्पष्टवक्ता · शनिवार, दुपारी १:४१

म्हणजे शेवटी फुकटात पेस्ट कंट्रोल झालं. करार न करता.

माहेरवाशीण · शनिवार, दुपारी २:०५

मला का कोण जाणे वाईट वाटलं वाचून.

बागायतदार_दिंडोरी · शनिवार, रात्री ९:३०

हिला आमच्याकडं कुणी भाड्यानं पाठवता का फेब्रुवारीत?

जाईजुई · वसुबारस, रात्री १०:००

पोळं रिकामं झालं. कालपासून त्यावर एकही माशी नाही. आज ह्यांनी काठीने काढलं, सुतारपक्षींनी सांगितल्याप्रमाणे हुकाला व्हॅसलिन लावलं आणि कंदील सतराव्या नाही, अठराव्या वर्षी त्याच जागी लागला. पोळं हातात घेतलं तर वर्तमानपत्राच्या कागदाहून हलकं. बाबांनी ते फेकू दिलं नाही. खडीसाखरेच्या रिकाम्या बरणीत घालून टीव्हीशेजारी ठेवलंय. नणंदेच्या मुलांना दाखवायचंय म्हणे.

जाईजुई · पाडवा, सकाळी ८:२०

बाबांनी आत्ता बोलावलं. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्यापाशी, हुकापासून जेमतेम तीन फुटांवर, सात-आठ माश्या. मध्ये एक इवलासा राखाडी देठ आणि त्याला तीन घरं. बाबांनी कॅलेंडरवर नवा हिशोब मांडलाय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

सुतारपक्षी, एवढ्याशा देठाला पण साबणाचंच पाणी का? भाऊबीज उद्या आहे.

सुतारपक्षी · पाडवा, सकाळी ८:५५

तीन घरांना पंप नको. आज अंधार पडल्यावर लांब काठीच्या टोकाने देठ तोडा आणि लगेच आत या. सात-आठ माश्या, जपायला फारसं काही नाही, उठून जातील. खिळ्याला व्हॅसलिन. उद्या सकाळी मुलं यायच्या आत पुन्हा एकदा वर बघा, कोपरे, एसीचा पाठीमागचा भाग, पाइपाचं वळण. आणि बाबांना आधी सांगा, नाहीतर काठी तेच लपवतील.

खडूस_काका · पाडवा, सकाळी ९:१०

माळ्यावर शोधलं. रॉकेलची अर्धी बाटली निघाली. लागली तर कळवा.